‘पोर्तुगीज घर’ नावाची दिशाभूल : चांदोरचा ब्रागांझा वाडा

१/ गोव्यात उंच खिडक्यांचे जुने घर दिसले की त्यास ‘पोर्तुगीज घर’ म्हणण्याची रीत पडली आहे. मालमत्तेच्या जाहिरातींपासून प्रवासवर्णनांपर्यंत हेच विशेषण आढळते. ते निरुपद्रवी नाही. घर बांधणाऱ्यांचे श्रेय ते राज्यकर्त्यांच्या पदरात टाकते.

२/ साष्टीतील चांदोर म्हणजे प्राचीन चंद्रपूर, गोव्याच्या कदंबांची आरंभीची राजधानी. येथील ब्रागांझा वाड्याचे दोन भाग आहेत : एक मिनेझिस ब्रागांझा शाखेचा, दुसरा ब्रागांझा परेरा शाखेचा. ब्रागांझा हे पोर्तुगालच्या राजघराण्याचेही नाव. परंतु हे घराणे धर्मांतरित गोमंतकीयांचे. आडनाव बदलल्याने वंश लिस्बनचा होत नाही.

३/ अशा घरांची बांधणी पाहावी. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, छप्पर पावसाळ्यासाठी उतरते व कौलारू. खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ, अर्धपारदर्शक चकत्या. अनेक घरांत मधोमध राजांगण. त्याचे नाते थेट चौसोपी वाड्याशी आहे.

४/ आक्षेप येईल : नृत्यदालन, झुंबरे, खासगी प्रार्थनागृह यांचे काय? ते युरोपीय वळणाचे आहेत, हे खरेच. पण पेशवेकालीन वाड्यांतील सुरूदार खांब आणि महिरपी मोगल वास्तुकलेतून आल्या, म्हणून त्या वाड्यांना कोणी ‘मोगल घरे’ म्हणत नाही. मग हा न्याय गोव्यालाच का?

५/ विसंगती याहून खोल आहे. याच घराण्यातील लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) यांचा १९०० साली ‘ओ हेराल्दो’ या दैनिकाच्या स्थापनेत सहभाग होता. १९३०मध्ये सालाझारच्या वसाहत कायद्याविरुद्ध विधिमंडळात ठराव मांडून त्यांनी गोमंतकीयांचा स्वयंनिर्णयाचा हक्क उच्चारला. १९२८मध्ये गोवा काँग्रेस कमिटी स्थापणारे त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांचाही जन्म चांदोरचाच.

६/ मात्र ‘गोमंतकीय घर’ म्हणताना भाबडेपणाही नको. या वाड्यांचे वैभव भाटकारशाहीवर उभे होते. भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्या मुंडकाराला घराबाहेर काढले जाण्यापासून कायद्याचे संरक्षण मिळाले ते मुक्तीनंतर कित्येक वर्षांनी. ‘पोर्तुगीज’ हा शिक्का प्रतिकार झाकतो, तसेच हे शोषणही झाकतो. जणू गावातील उच्चनीचतेचे दायित्वही परक्यांचेच.

७/ पणजीतील ‘इन्स्तितुतो व्हास्को द गामा’ या १८७१च्या संस्थेस मुक्तीनंतर मिनेझिस ब्रागांझांचे नाव देण्यात आले. संस्थेवरून व्हास्को द गामा उतरला. ज्या घराण्याचे नाव तिला मिळाले, त्याचे घर मात्र पर्यटकांना आजही ‘पोर्तुगीज’ म्हणून दाखवले जाते. ते गोमंतकीय भाटकारांचे घर आहे, गोमंतकीय कारागिरांनी उभारलेले. माहितीफलकावर एवढे तरी लिहिले गेले पाहिजे.