‘स्वामी’तल्या अवघड शब्दांची किल्ली

सुट्टीत एक तरी मराठी कादंबरी पूर्ण वाचा, असं मी या सदरातून सांगत असते. यंदा नावही सुचवते: रणजित देसाईंची ‘स्वामी’. १९६२ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी थोरल्या माधवराव पेशव्यांवर आहे. पानिपतच्या पराभवानंतर, १७६१ मध्ये, सोळा वर्षांच्या मुलाच्या अंगावर पेशवेपद येतं. एकीकडे निजाम आणि हैदर, दुसरीकडे घरात राघोबादादांसारखे काका. १७७२ साली थेऊरला क्षयानं त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांचं वय अवघं सत्तावीस होतं. म्हणजे नायक जवळजवळ तुमच्याच वयाचा!

तरीही आपल्या ग्वाल्हेरकडची बरीच मुलं हे पुस्तक दहा-बारा पानांनंतर मिटून ठेवतात. कारण विचारलं तर उत्तर एकच: “आमचं मराठी तेवढं शुद्ध नाही. हे पुण्याच्या लोकांसाठी लिहिलंय.”

हे उत्तर मला पटत नाही. ‘स्वामी’त अडणाऱ्या शब्दांची यादी करून पाहा. मुजरा, सदर, खलिता, मसलत, फितुरी, दौलत. यातले बहुतेक शब्द फारसीतून किंवा फारसीच्या वाटेनं अरबीतून मराठीत आले आहेत. पुण्यात वाढलेल्या तुमच्या वयाच्या मुलालाही ते आज अवघडच जातात. उलट तुम्ही दिवसभर हिंदी ऐकता, उर्दू गाणी ऐकता. यातल्या निम्म्या शब्दांची चुलत भावंडं तुमच्या ओळखीची आहेत. ज्या सरमिसळ बोलीची तुम्हाला लाज वाटते, तीच इथे कामाला येते.

मराठीत एवढी फारसी आली कशी? बहमनी आणि त्यानंतरच्या सुलतानी राज्यांत दरबारी कामकाजात फारसीचं मोठं वजन होतं. शिवाजी महाराजांनी हे बदलायचा जाणीवपूर्वक प्रयत्न केला. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ त्यांनी तयार करवून घेतला. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, सरनौबताचा सेनापती झाला. पण रोजच्या वापरातले शब्द सहजासहजी हटत नाहीत. शंभर वर्षांनंतरही कारभारात फारसी शब्द भरपूर होते. खुद्द ‘पेशवा’ हा शब्दच फारसी आहे. त्याचा अर्थ पुढे असणारा, पुढारी.

आता किल्ली कशी चालवायची ते पाहू. तुम्ही कचेरीबाहेर बसणारा ‘अर्जीनवीस’ ऐकला असेल. नवीस म्हणजे लिहिणारा. मराठीत या नवीसचा झाला ‘नीस’. मग चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस, जमेचा हिशेब लिहिणारा तो जमेनीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस आणि फर्द म्हणजे हिशेबाचे कागद लिहिणारा तो फडणीस. आपल्या मंडळाच्या सभासदांच्या यादीत यातली किती आडनावं आहेत ते मोजा.

दुसरं उदाहरण ‘शिलेदार’. आपल्याकडच्या हिंदी वर्तमानपत्रांत हत्यारांना ‘असलहा’ म्हणतात. त्याच्याच मुळाशी ‘सिलाह’, म्हणजे शस्त्र, हा शब्द आहे आणि शिलेदारही तिथूनच आला. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारातून मिळे, तो बारगीर. हा फरक कळला की फौजेच्या वर्णनात कोणाचा मान किती, हे आपोआप उमगतं.

मात्र ओळखीचे शब्दच कधी कधी फसवतात. अनोळखी शब्दावर आपण निदान थांबतो. ओळखीचा वाटणारा शब्द चुकीच्या अर्थानं घेऊन सरळ पुढे जातो. म्हणून हे पाच शब्द आधीच लिहून ठेवा.

दौलत: हिंदीत संपत्ती. पेशवाईत दौलत म्हणजे राज्य. माधवराव दौलतीची काळजी करतात तेव्हा ते पैसे मोजत बसलेले नसतात, राज्य सावरायला बघत असतात.

खाविंद: उर्दूत नवरा. जुन्या मराठीत धनी, मालक. एखादा सरदार पेशव्यांना खाविंद म्हणतो तेव्हा तो आपली निष्ठा सांगत असतो.

फितूर: हिंदीत डोक्यात शिरलेलं वेड. मराठीत फितूर होणं म्हणजे शत्रूला जाऊन मिळणं.

कारखाना: आज यंत्रांचा. त्या काळी सरकारी सामानाचं किंवा कामाचं एकेक खातं. हत्तीखाना, तोफखाना, मुदपाकखाना ही अशीच खाती.

शिक्षा: हा संस्कृत शब्द, पण हिंदी माध्यमातल्या मुलांना हमखास अडवणारा. हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. रामशास्त्री प्रभुणे हे पेशव्यांचे न्यायाधीश. त्यांच्या तोंडी ‘शिक्षा’ आली तर शाळा आठवू नका!

प्रत्यक्ष वाचताना मी सुचवते ती पद्धत अगदी साधी आहे. एक प्रकरण सलग वाचा. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ ओढा, पण थांबू नका. बरेच शब्द प्रसंगच समजावून देतो. जासूद धावत येतो, खलिता पुढे करतो, तो उघडून वाचला जातो. खलिता म्हणजे दरबारी पत्र, हे सांगायला कोश लागत नाही. मुळात खलिता ही पत्र ठेवायची थैली. पुढे पत्रालाही तेच नाव पडलं.

प्रकरण संपल्यावर रेघा मोजा. त्यातले फक्त पाच शब्द निवडा, ज्यांच्यावाचून प्रसंग कळला नाही असे. आधी अंदाज वहीत लिहा, मग कोश उघडा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर मोफत पाहता येतो. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. पेशवाई बुडून तेव्हा चाळीसच वर्षं झाली होती, त्यामुळे हे शब्द त्यात चांगले सापडतात. मराठीतूनच अर्थ हवा असेल तर दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ पाहा. फारसी मूळ शोधायचं असेल तर माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांचा १९२५ सालचा ‘फारसी-मराठी कोश’ आहे.

आणि कोशाच्याही आधी घरातल्या आजी-आजोबांना विचारा. ‘बेगमी’ म्हणजे काय, हे वर्षाचं धान्य आणि लोणची भरून ठेवणाऱ्या आजीला कोणत्याही कोशापेक्षा चांगलं सांगता येईल.

हे सगळं कशासाठी करायचं? परीक्षेत या शब्दांना गुण नाहीत. पण आपण इथे का आहोत, याचं उत्तर याच शब्दांत आहे. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेला पडला आणि त्या लष्कराच्या तळाचं शहर झालं. त्याला आपण अजून लष्करच म्हणतो. कंपू मोहल्ल्याच्या नावाचंही तसंच. शिंद्यांच्या कवायती पलटणींना कंपू म्हणत. आज मराठीत कंपू म्हणजे मित्रांचं टोळकं, पण आपल्याकडे त्या नावाच्या वस्तीतून टेम्पो जातो. इंदूरची छावणीही त्याच गोतातली.

कित्येक घरांत जुने कागद आहेत: सनदा, पत्रं, जमाखर्चाच्या वह्या. त्यांची मोडी लिपी एखादा जाणकार वाचून देईल. पण वाचून झाल्यावर समोर येतात ते हेच शब्द, आणि ते समजणारी माणसं दर पिढीत कमी होत आहेत. पुढच्या पिढीत ते काम तुमच्यापैकीच कोणाला तरी करायचं आहे. ‘स्वामी’ वाचताना त्याची तयारी आपसूक होते, आणि गोष्ट इतकी गुंतवणारी की ती तयारी आहे हे जाणवतही नाही.

तर पुढच्या महिन्यापर्यंत पहिली पन्नास पानं आणि पंचवीस शब्द, एवढंच काम. त्यातला जो शब्द तुमच्या आडनावात, मोहल्ल्याच्या नावात किंवा आजीच्या बोलण्यात सापडेल, तो मला नक्की कळवा. पुढचं सदर त्याच शब्दांवर लिहीन. आणि हो, ‘सदर’ हाही तिथलाच शब्द. वाड्यात कारभाराची बैठक भरे ती सदर. तेव्हा या सदरेवर तुमचं स्वागत आहे.