आधी रोगाचं नाव, मग ड्रोन

परवा निफाडहून चुलतभावाचा फोन. "अरे, तू तिकडं द्राक्षाच्या ड्रोनवरच काम करतोस ना? आपल्या बागेवरून एक फिरवला तर रोग कळंल का?"

आता कॅलिफोर्नियात वेलींचे फोटो कॉम्प्युटरला ओळखायला शिकवणं हेच माझं पोटापाण्याचं काम. तरी म्हटलं, "अण्णा, नाही कळणार." अण्णा नाराज. कोणीतरी विक्रेता गावात 'आकाशातून रोगनिदान' विकतोय म्हणे. म्हणून हा लेख.

इथला खलनायक म्हणजे पिअर्स रोग. झायलेला फास्टिडिओसा नावाचा जिवाणू वेलीच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत घर करतो, नळ्या तुंबतात आणि पानं कडेकडून करपत जातात. 1880 च्या दशकात या रोगाने अॅनाहाइमच्या बागा साफ केल्या. न्यूटन पिअर्सने 1892 मध्ये त्यावर सविस्तर अहवाल लिहिला, पण कारण जिवाणू आहे हे कळायला 1970 चं दशक उजाडलं. मधली कित्येक वर्षं लोक त्याला व्हायरस समजत होते!

गंमत अशी की पाणी कमी पडलं किंवा जमीन खारवट असली तरीही पानाची कड अशीच करपते. वरच्या कॅमेऱ्याला कळतं की वेल आजारी आहे. कशाने, ते नाही. ते कळतं पानाचे देठ लॅबमध्ये नेऊन पीसीआर केल्यावर. नमुना कुठल्या ओळीतून घ्यायचा एवढं माझा कॅमेरा सांगतो. बास. त्यापुढे जो छातीठोक नाव सांगतो तो इंजिनिअर नव्हे, सेल्समन.

1990 च्या दशकाच्या अखेरीस टेमेक्युलात हा रोग पसरला, तो एका नव्याने आलेल्या रस चोखणाऱ्या तुडतुड्यामुळे. तेव्हा कामाला आले ते पिवळे चिकट सापळे, रोपवाटिकांची तपासणी आणि 2001 पासून वाइनद्राक्ष बागायतदारांनी स्वतःवर बसवून घेतलेली वर्गणी. यूसी डेव्हिसच्या पाच रोगप्रतिकारक जाती आल्या 2019 मध्ये, सुमारे वीस वर्षांच्या संकरानंतर. यात चकचकीत असं काहीच नाही.

अण्णाच्या बागेतला जिवाणू मात्र वेगळा, झँथोमोनास. पानांवर बारीक, कोनदार, काळे ठिपके. याची पहिली नोंदच भारतातली, 1972 ची. 1998 मध्ये तो ब्राझीलमध्येही सापडला. दिसायला तो करप्यासारखा. पण करपा बुरशीचा आणि हा जिवाणूचा. गेल्या पावसाळ्यात अण्णाला दुकानदाराने करप्याचं औषध दिलं, तीनदा. ठिपके वाढतच गेले. शेवटी मी पान मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात न्यायला लावलं, तेव्हा नाव कळलं. बोर्डो मिश्रणाचा तरी दोघांवर थोडाफार उपयोग असतो. नुसतं बुरशीनाशक जिवाणूवर मारणं म्हणजे पैसे पाण्यात. खरं तर ठिपक्याचा तुकडा कापून पाण्याच्या थेंबात ठेवला, की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू धुरासारखे बाहेर पडताना दिसतात. असा सूक्ष्मदर्शक तालुक्याच्या कॉलेजातही असतो.

मला राग येतो तो याचा. युरोपला जाणारी पेटी कुणाच्या प्लॉटमधली, हे आपण 2006 पासून ग्रेपनेटवर नोंदवतो. पण शिवारात कुठल्या प्लॉटमध्ये कुठला रोग आहे, हे शेजाऱ्यालाही सांगत नाही. व्यापारी भाव पाडेल म्हणून झाकून ठेवतो. आणि पावसाचे शिंतोडे, छाटणीची कात्री तोच जिवाणू बांधापलीकडे नेते.

त्यामुळे अण्णा, ड्रोनचे पैसे ठेव. चार शेजारी मिळून एक सूक्ष्मदर्शक घ्या, पारावर एक वही ठेवा. कुणाच्या बागेत काय निघालं ते लिहा. कात्री स्पिरिटमध्ये बुडवून वापरा. हे सगळं झाल्यावर ड्रोन हवाच असेल, तर मी स्वतः येऊन फुकट उडवतो.