वकील केव्हा येतो?

फौजदारी न्यायाची चर्चा आपल्याकडे बहुधा पोलीस आणि न्यायाधीश या दोघांभोवतीच फिरते. आरोपीचा वकील म्हणजे गुन्हेगाराला पळवाट दाखवणारा हिकमती माणूस, ही समजूत चळवळीतील कार्यकर्त्यांतही आढळते. ही समजूत श्रमिकांना फार महाग पडते. आरोपीला वकील मिळाला की नाही, एवढाच प्रश्न नसतो. तो केव्हा मिळाला, यावर पुढचे बरेचसे ठरते. आणि ही ‘वेळ’ आजच्या समाजात पैशाने विकत घ्यावी लागते.

गिरणगावाला हे नवे नाही. १९२९ च्या मार्चमध्ये डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर प्रभृती गिरणी कामगार पुढाऱ्यांना पकडून मीरतला नेण्यात आले. त्यांचे कार्यक्षेत्र लालबाग-परळचे. खटला मात्र शेकडो मैलांवर, आणि तोही ज्यूरीवाचून. १९३३ च्या जानेवारीत जबर शिक्षा झाल्या. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयात कैलासनाथ काटजू यांनी बाजू मांडल्यानंतर काही जण निर्दोष सुटले व उरलेल्यांच्या शिक्षा बऱ्याच कमी झाल्या. बचाव यशस्वी झाला खरा. पण तोवर बहुतेकांची चार वर्षे तुरुंगात गेली होती. शिक्षा कमी होते, गेलेली वर्षे परत येत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला. ४२ व्या घटनादुरुस्तीने ३९-अ या अनुच्छेदात मोफत कायदेविषयक साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरवले. १९७८ मध्ये मुंबईतूनच गेलेल्या होसकोट खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितले की, गरीब कैद्याला अपिलासाठी वकील देणे ही सरकारची मेहेरबानी नव्हे, ते त्याचे देणे आहे. १९८३ मध्ये पत्रकार शीला बर्से यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील कोठड्यांतल्या स्त्रियांच्या स्थितीची दखल घेतली. अटक होताच पोलिसांनी जवळच्या कायदा-साहाय्य समितीला कळवावे आणि आरोपीला कोठडीत छळ झाला का, हे दंडाधिकाऱ्याने विचारावे, असे आदेश त्या निकालात आहेत. गरजू कैद्यांना लुबाडणारे वकीलही असतात, ही गोष्ट त्याच प्रकरणात पुढे आली होती. म्हणून साहाय्याची व्यवस्था सार्वजनिक आणि जबाबदार हवी, हेही त्यातून सिद्ध होते.

पहिल्या काही दिवसांना एवढे महत्त्व का? अटकेची कारणे सांगितली की नाही, चोवीस तासांच्या आत न्यायालयापुढे उभे केले की नाही, अंगावरील खुणांची वैद्यकीय नोंद झाली की नाही, पोलीस कोठडीची मागणी कशासाठी, हे प्रश्न तेव्हाच विचारावे लागतात. महिन्याने विचारून त्यांचा उपयोग नसतो. जामिनाचेही तसेच. ठरलेल्या ६० किंवा, अधिक गंभीर गुन्ह्यांत, ९० दिवसांत आरोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मात्र आरोपपत्र येण्यापूर्वी तो मागितला पाहिजे. दिवस मोजणारे कोणी नसले, तर हा हक्क कोणी हिरावून न घेताच नाहीसा होतो.

जामीन मंजूर झाला तरी जामीनदार लागतो, आणि येथे अर्थशास्त्र सुरू होते. कायम नोकरीची पगारपावती म्हणजे केवळ वेतनाची नोंद नव्हे. न्यायालयात ती माणसाची पत असते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हा रोजगाराबरोबर ही पतही बुडाली. कंत्राटी सफाई कामगार, घरकाम करणारी बाई किंवा मोटारसायकलवरून जेवण पोचवणारा मुलगा यांनी कोणती पावती दाखवायची? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे शेकडा ७५.८. यांचा अपराध अजून सिद्ध व्हायचा आहे.

उलट बाजूला, गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींतील कंपन्यांचा वकील आरोपापूर्वीच हजर असतो. कर, भविष्यनिर्वाह निधी, अग्निसुरक्षा यांचे नियम पाळले जातात की नाही, याची तपासणी तो आधीच करवून घेतो, कागद लावून ठेवतो, नोटिशीला मुदतीत उत्तर देतो. चूक निघालीच, तर बरेचदा दंड भरून प्रकरण मिटवता येते. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ केंद्रीय कायद्यांतील १८३ तरतुदी सौम्य केल्या. अनेक ठिकाणी कैदेची जागा दंडाने घेतली. यात सारेच गैर आहे असे नाही. परंतु अपराधाआधी सल्ला एका वर्गाला आणि कोठडीनंतर वकील दुसऱ्याला, या विषमतेला कायद्यापुढील समानता म्हणता येणार नाही.

उघडउघड अपराध्यालाही वकील का द्यावा, असा प्रश्न केला जातो. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यातील कसाबच्या खटल्यात मुंबईने तो तीव्रतेने अनुभवला. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी कायम केली आणि त्याच निकालात असेही बजावले की, वकिलाचा हक्क आरोपीला पहिल्यांदा हजर करतानाच दंडाधिकाऱ्याने सांगितला पाहिजे. त्याला मिळाला तो हक्क पाकीटमारीच्या संशयावरून धरलेल्या पोराला नाकारायचा कसा?

कायदा आहे, योजनाही आहेत. कोठडीतील व्यक्तीला, तसेच स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. पण हक्क कागदावरून चाळीत आपोआप उतरत नाही. गिरगावापासून दादरपर्यंत प्रत्येक शाखेने किमान तीन कामे अंगावर घ्यावीत: अटकेची वार्ता येताच ठाण्यावर जाऊन नातेवाइकांमार्फत वकिलाची मागणी लेखी नोंदवणे, भोईवाडा-गिरगावच्या न्यायालयांत पहिल्या हजेरीला उपस्थित राहणे, आणि कोठडीचे दिवस मोजणे. त्याबरोबर प्रत्येक पोलीस ठाण्यासाठी रात्रंदिवस उपलब्ध असणाऱ्या, पुरेशा मानधनाच्या सरकारी बचाव वकिलाची मागणी लावून धरली पाहिजे. संपाच्या काळात मोर्चेकऱ्यांना सोडवायला धावणारे हात इतर दिवशीही ठाण्याच्या दाराशी दिसले, तरच श्रमिकांना कायदा आपला वाटेल.