ह्यात गँग कुठाय?

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही माळा आवरायला काढला आणि जुन्या चादरीत गुंडाळलेला, सहा फूट लांब नि तीन फूट रुंद असा प्लायवूडचा पाट खाली आला. आमच्या चुलत्यांनी, म्हणजे नानांनी केलेली ही छोटी रेल्वे. नाना कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर हाच त्यांचा उद्योग. ते जाऊन बारा वर्षे झाली. पाटाला बाक आला होता, रूळ काळे पडले होते, स्टेशनच्या छपरात झुरळांनी घर केले होते. घरच्या मंडळींनी भंगारवाल्याचे नाव काढले. नववीतली लेक मात्र पाट सोडीना.

हा नमुना बार्शी लाइटचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी ही गाडी सुरू केली. दोन रुळांतले अंतर फक्त अडीच फूट. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ साली मिरजेपर्यंत गेली. १९५४ साली सरकारने ताब्यात घेतली. कॅलथ्रॉपची हुशारी अशी, की एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलक्या, स्वस्त रुळांवर काम भागते. वारीच्या दिवसांत ह्या गाडीला मुंगीला शिरायला जागा नसे. आता सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे.

अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागले की पावणेनऊ येतात, म्हणून नानांनी नऊ मिलिमीटरचा रूळ घेतला होता. कारकुनाला असे हिशेब जुळले की बरे वाटते.

पहिली चूक आमचीच. काळे रूळ पॉलिश पेपरने घासले. चकाकले खरे, पण बारीक चरे पडले आणि चऱ्यांत मळ पुन्हा लवकर बसतो. मग स्पिरिटचा बोळा घेऊन इंच इंच पुसत गेलो. पाटाखाली दोन सरळ पट्ट्या स्क्रूने आवळून बाक काढला. खडी नानांनी फेविकॉलने चिकटवलेली. कोमट पाणी शिंपडून तासभर ठेवल्यावर ती सुटली. तरीही इंजिन अर्ध्या वाटेत थांबे. नानांनी वीज दोनच ठिकाणी दिली होती, पुढे ती रुळांच्या जोडपट्ट्यांतून जायची, आणि त्या आतून गंजलेल्या. लेकीने मीटर लावून एकेक तुकडा तपासला आणि प्रत्येकाला वेगळी तार डागली. तीन रविवार त्यातच गेले. इंजिनाच्या दातऱ्यांतले ग्रीस लाखेसारखे कडक झाले होते, ते टाचणीने खरवडले.

चौथ्या रविवारी गाडी फिरली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आमचे वडील, आबा, खाटेवर बसून बघत होते. आबांनी त्याच बार्शी लाइटवर गँगमन म्हणून हाडे झिजवली. उन्हातान्हात पहार मारून रूळ सरळ ठेवले. धाकटा भाऊ कारखान्यात सावलीला आणि आपण लाईनीवर, हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही, पण नाना हयात असताना ह्या पाटाजवळ ते फारसे गेलेही नाहीत. आता भिंग घेऊन वाकले. स्टेशनमास्तर पाहिला, हमाल पाहिला, प्लॅटफॉर्मवरची शेळीसुद्धा पाहिली.

"आरं, ह्यात गँग कुठाय?"

आम्ही गप्प. इतकी वर्षे पाट आमच्या डोळ्यांसमोर होता, पण आम्हालाही हे दिसले नव्हते.

"आन् हे स्लीपर एवढे चिकटून कुणी घातले? आमच्या लाईनीला असे नव्हते."

आबांचे खरे होते. नानांचा रूळ याहून लहान मापाच्या मोठ्या रेल्वेसाठी बनवलेला. त्याचे स्लीपर ह्या मापाला आखूड आणि दाट दिसतात. मग लेकीने ब्लेडने एकाआड एक स्लीपर कापले, उरलेले सरकवून अंतर वाढवले आणि टोके चाळलेल्या बारीक खडीत बुजवली.

गँगची माणसे तांब्याच्या तारेची आणि एम-सीलची केली. साडेपाच फुटी माणूस ह्या मापात एकोणीस मिलिमीटर भरतो. चौघे पहारी घेऊन, मुकादम रुळाशी डोळा लावून वाकलेला, हातोडी खांद्यावर टाकून चालणारा कीमन. कीमन चार वेळा मोडला. आबा म्हणत, पाठ एवढी ताठ नसते, पुन्हा कर.

लाल झेंडीवाल्यावरून मात्र वाद झाला. लेकीने तो गँगच्या शेजारीच उभा केला होता. आबा चिडले. "तिथं उभा राहून काय उपेग? ड्रायव्हरला दिसंस्तोवर गाडी माणसांवर आली की!" चारशे मीटर जरी धरले तरी भागिले ८७ म्हणजे साडेचार मीटर, आणि पाट सहा फुटांचा. आम्ही हिशेब मांडून दाखवला. आबांनी तो ऐकून घेतला, पण माणूस काही पाटावर ठेवू दिला नाही.

सध्या तो स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कट्ट्यावर, मिठाच्या बरणीजवळ उभा असतो. कट्टा पुसताना त्याला उचलून परत जागेवर ठेवावे लागते, आणि ठेवला की नाही, ते आबा खाटेवरूनच विचारतात.