१९४६ : तीस जागा आणि यादीबाहेरची माणसं

दरवर्षी ऑगस्ट जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक आकडा फिरायला लागतो. १९४६ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतातल्या सगळ्या, म्हणजे ३० मुस्लिम जागा मुस्लिम लीगने जिंकल्या. खाली प्रश्न असतो, ‘मग हे इथे कशाला राहिले?’ कर्जत-खालापूरच्या आपल्या पोरांच्या मोबाइलवरही हा मेसेज येतो आणि ती गप्प बसतात. वर्गात १९४२ संपलं की १९४७ येतं. मधलं घाईत उरकलं जातं.

आकडा खरा आहे, हे आधी कबूल करू या. आपल्यातले काहीजण तो खोटाच ठरवायला निघतात. त्याने काही साधत नाही. ज्यांना मत होतं त्यांनी लीगला कौल दिला आणि राष्ट्रवादी मुसलमान उमेदवार पडले. पण मत होतं कोणाला? मतदारसंघ वेगळे होते. मुसलमानाने मुसलमानालाच मत द्यायचं, ही व्यवस्था इंग्रजांनी १९०९ पासून चालवली होती. त्यातही ठरावीक सारा किंवा कर भरणारा, ठरावीक शिक्षण झालेला, फौजेतून निवृत्त झालेला, अशांचीच नावं यादीत. बहुसंख्य प्रौढ यादीबाहेर होते. आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात भात पिकवणारा बराचसा माणूस कूळ होता. जमीन खोताची किंवा सावकाराची. त्याच जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरीला १९३३ पासून शेतकऱ्यांचा कित्येक वर्षं संप चालला, तो याच खोतीविरुद्ध. असं कूळ मुसलमान असो, आगरी असो, कुणबी असो, त्याला मतपेटीपर्यंत पोचणं अवघड होतं. कातकरी-ठाकरांची तर बातच सोडा. तेव्हा ३० जागा म्हणजे सगळ्या कौमचा फैसला, असं म्हणणाऱ्याने ही यादी आधी डोळ्यांसमोर आणावी.

आणि त्या वर्षात नुसती निवडणूकच झाली नाही. जपानने शरणागती पत्करून जेमतेम काही महिने झाले होते. लढाई संपली तरी रेशन संपलं नव्हतं. उलट वर्षाच्या सुरुवातीलाच माणशी रोजचं धान्य १६ औंसांवरून १२ वर आणलं गेलं. फौजा मोकळ्या होत होत्या, गावी परतणाऱ्या माणसाला काम नव्हतं. लाल किल्ल्यात आझाद हिंद फौजेचे शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर खटला चालला होता. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. सरकारने तिघांना एकत्र पिंजऱ्यात उभं केलं आणि सगळा देश त्यांच्या बाजूने झाला. फेब्रुवारीत याच फौजेच्या अब्दुल रशीद यांना सात वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा कलकत्त्यात हिंदू-मुसलमान विद्यार्थी एकत्र रस्त्यावर उतरले.

मग १८ फेब्रुवारी. मुंबईत ‘तलवार’ या नाविक तळावरच्या खलाशांनी संप केला. कारण साधं होतं : निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या. बघता बघता तो हजारो खलाशांपर्यंत पसरला. त्यांच्या संप समितीचे अध्यक्ष होते एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग. जहाजांवर काँग्रेसचा तिरंगा, लीगचा हिरवा आणि लाल बावटा एकत्र चढले. २२ तारखेला गिरण्या बंद पडल्या, परळ-लालबागमध्ये लष्कराने गोळ्या चालवल्या, दोनशेहून अधिक माणसं मेली. गिरणगावात घाटावरचा, कोकणातला, आपल्या तालुक्यांतलाही माणूस राबत होता. गोळीने कोणाचं मतदारयादीतलं नाव तपासलं नाही.

सरदार पटेलांनी खलाशांना शरण जायला सांगितलं, जीनांनीही तेच सांगितलं. मला वाटतं, त्या वर्षी हे दोन नेते एकमताने बोलले असा हा विरळाच प्रसंग असेल! २३ तारखेला खलाशी शरण गेले.

हे सांगताना पुढचं लपवायचं नाही. १६ ऑगस्टला लीगने प्रत्यक्ष कृती दिन पुकारला आणि कलकत्ता पेटलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला, नेहरूंचं हंगामी सरकार शपथ घेत होतं तेव्हाच, मुंबईत सुरे निघाले. फेब्रुवारीत जी मुंबई एकत्र हरताळ पाळत होती, तीच. पुढे नोआखाली, मग बिहार. एकीकडे हिंदू मेले, दुसरीकडे मुसलमान. फक्त फेब्रुवारी सांगणारा आणि फक्त ऑगस्ट सांगणारा, दोघेही पोराच्या हातात अर्धंच वर्ष ठेवतात.

त्याच वर्षी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. ते बघायला माथेरानचे भाई कोतवाल आणि कर्जत तालुक्यातले हिराजी पाटील नव्हते. टाटांच्या विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे हे दोघे २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या जंगलात गोळ्यांना बळी पडले होते. त्यांचं नाव इथल्या प्रत्येक शाळेत घेतलं जातं, घेतलंच पाहिजे. त्याच्याच पुढच्या पानावर तलवारच्या खलाशांना जागा मिळावी, एवढीच अपेक्षा आहे.

‘इथे कशाला राहिले?’ याला माझं उत्तर असं : जायचं की राहायचं हे ३० जागांनी ठरवलं नव्हतं. शेत इथे होतं, कब्रस्तान इथे होतं, उधारी इथल्याच वाण्याकडे होती. ९ डिसेंबर १९४६ ला संविधान सभा बसली. लीगने बहिष्कार घातला. पण त्या सभेने जे लिहिलं त्यात वेगळे मतदारसंघ गेले आणि प्रत्येक प्रौढाला मत आलं. १९५१-५२ ला आपल्या वाड्या-मोहल्ल्यांतल्या यादीबाहेरच्या माणसांनी पहिल्यांदा मत टाकलं, शेजाऱ्याच्याच यादीत नाव असताना.

१९४६ मध्ये दहा वर्षांची असलेली माणसं आज नव्वदीला टेकली आहेत. नेरळ, कर्जत, खोपोली, खालापूर, कुठेही तुमच्या घरात अशी दादी, नाना असतील तर विचारा : त्या वर्षी घरात कोणाला मत होतं का? रेशनला काय मिळायचं? मुंबईहून कोण परत आलं होतं? आणि जे सांगतील ते उर्दूत किंवा मराठीत, जसं जमेल तसं, वहीत उतरवून ठेवा.