मोहाचे दालन कोणाच्या हातचे?

आपल्या जिल्ह्यात वारली चित्र आज कोठे नाही? ते लग्नपत्रिकेवर आहे, चहाच्या कपावर आहे, उपाहारगृहाच्या भिंतीवर आहे. आता ते दारूच्या कारखान्यातील पाहुण्यांच्या दालनातही जाऊन बसेल, असे मला वाटते. या वाटण्याला कारण आहे. डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीजने २०२४ साली मोहाची दारू 'सिक्स ब्रदर्स महुरा' या नावाने बाजारात आणली. नाशिकला सुलाने २००५ सालीच द्राक्षांच्या मळ्यात वाइन चाखण्याचे दालन उघडले. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि आता तिच्या भट्ट्या पाहायला पर्यटक जातात. मग मोहानेच काय घोडे मारले आहे? त्याचेही दालन आज ना उद्या होईल. प्रश्न एवढाच, की ते कोणाच्या हातचे असेल?

मोहाचा इतिहास मात्र सुखाचा नाही. इंग्रज सरकारने १८९२ साली मोहफुलांसंबंधी खास कायदा केला, तो ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. आपला मुलूख तेव्हा ठाण्यातच होता. पारशी मालकांच्या उरणच्या भट्ट्या परवान्याने चालत होत्या. पाड्यावरचे मडके मात्र गुन्हा ठरले. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. मोहफुले साठवण्यावरचे निर्बंध शासनाने सैल केले ते २०२१ साली. त्याच वर्षी आमच्या कोळगावला जिल्ह्याचे नवे मुख्यालय सुरू झाले. चैत्रातल्या पहाटे फुले वेचणारी माझी आजी टोपली झाकून का आणत असे, हे घरातला पहिला कॉलेजात आलेला मी पुस्तकातून शिकलो.

म्हणून माझे म्हणणे असे, की दालनात निव्वळ शोभेची चित्रे नकोत. लग्नाचा चौक सुवासिनी तांदळाच्या पिठाने लिहितात आणि त्यात पालघट देवी बसते. तो विधी आहे. बाटल्यांच्या मागे तो लिहू नये. फुले वेचण्याचे चित्र खुशाल काढावे, पण खाली चित्रकाराचे नाव आणि गाव असावे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. बाकीच्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

भिंती कारवीच्या कुडाच्या कराव्यात, वर शेणमातीचे लिंपण द्यावे. असे लिंपण दर पावसाळ्यानंतर नव्याने करावे लागते. आर्किटेक्ट याला दोष म्हणेल, मी गुण म्हणतो. कारण पाड्यावरच्या बायांना दरसाल रोजगार मिळेल. तांब्याच्या भट्टीशेजारी मातीचे मडके, बांबूची नळी आणि सांधे बुजवणारी ओली माती मांडावी. त्याच्या वर १८९२ चा कायदा लिहावा.

कोणी म्हणेल, दारूचे कौतुक कशाला? हा आक्षेप खरा आहे. दारूने मोडलेली घरे आमच्याकडे मोजावी लागत नाहीत, ती दिसतात. महाराष्ट्रात गावोगावच्या बायकांनी मतदान करून 'आडवी बाटली' निवडली आणि दुकाने बंद पाडली. त्यांच्यासाठीही एक भिंत राखून ठेवावी. जे दालन ही भिंत ठेवायला धजणार नाही, त्याने आमच्या कलेचे नावही घेऊ नये.

मित्रहो, कारखाना आपल्याला विचारून दालन बांधणार नाही, हे मी जाणतो. पण आपल्यातलेच कोणी उद्या तेथे कारकून होतील, कोणी वाटाडे होतील. पाहुण्याने "हे कोणी केले?" असे विचारले, तर उत्तरात एक नाव आणि एक गाव सांगता आले पाहिजे. "आदिवासी कला आहे", एवढ्यावर त्याची बोळवण करू नये.