पंखा कुणी चालू ठेवला?

सॅम डोनाल्डसन यांचा आवाज मोठा होता, यात वाद नाही. एबीसी वाहिनीचे व्हाइट हाउस प्रतिनिधी म्हणून 1977 ते 1989 अशी बारा वर्षे ते अध्यक्षांच्या मागावर होते. आधी कार्टर, मग रेगन. रेगन यांच्या काळात त्यांचे नाव झाले ते ओरडून प्रश्न विचारणारा बातमीदार म्हणून. कुणाला ते निडर वाटले, कुणाला उर्मट. चर्चा झाली ती आवाजाची. तो चढवावा का लागत होता, याची नाही.

कारण तर कॅमेऱ्यासमोरच उभे असे. कॅम्प डेव्हिडला निघालेले रेगन हिरवळीवरून हेलिकॉप्टरकडे चालत जात. पत्रकार दोरीच्या अलीकडे. हेलिकॉप्टरचा पंखा आधीपासूनच गरगरत असे. डोनाल्डसन बेंबीच्या देठापासून ओरडत. रेगन कानामागे हात धरत, खांदे उडवत आणि हसत पुढे जात. एखादा सोयीचा प्रश्न मात्र त्याच घरघरीत नेमका कानावर पडे. त्याला एका वाक्याचे उत्तरही मिळे. घरोघरच्या पडद्यावर दिसत ते हसतमुख आजोबा आणि त्यांच्यावर खेकसणारा पत्रकार.

दोरी कुणी बांधली, पंखा कुणी चालू ठेवला, हे त्या चित्रात येत नाही. अध्यक्षांनी आठ वर्षांत पुरत्या पन्नास पत्रकार परिषदाही घेतल्या नाहीत, हेही नाही. कार्टर यांनी चारच वर्षांत त्याहून अधिक घेतल्या होत्या. समोर बसून विचारायची सोय असती, तर हिरवळीवर घसा फोडायची हौस कुणाला होती?

तशी सोय क्वचित होई. 28 सप्टेंबर 1982 ची पत्रकार परिषद घ्या. मंदीचे खापर तुम्ही मागच्या चुकांवर फोडले, काँग्रेसवर फोडले. थोडा दोष तुमचाही आहे का, असे डोनाल्डसन यांनी विचारले. आहे, रेगन म्हणाले, कारण बरीच वर्षे मी डेमोक्रॅट होतो. दालनात हशा. देशात बेरोजगारी तेव्हा दहा टक्क्यांवर होती. इथे हेलिकॉप्टर नव्हते. त्याचे काम हशाने केले.

वाहिनीची तरी कुठे तक्रार होती? न मिळालेले उत्तर हाच तिचा बाईट. अध्यक्षांना थांबवण्यासाठीची आपली हाक डोनाल्डसन यांनी 1987 च्या पुस्तकाला शीर्षक म्हणून दिली. दोन वर्षांनी ‘प्राइमटाइम लाइव्ह’च्या निवेदकाची खुर्चीही आली. ओरडणाऱ्याचे भले झाले. ज्यांना ऐकू येत नव्हते, त्यांना 1984 मध्ये पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये मिळाली.